कार्सिनॉइड : नावाचे भय आणि आयुष्याचा हिशेब

आपल्या व्यापारी कुटुंबांत कर्करोगाचे नाव सहसा उच्चारले जात नाही. ‘गाठ आहे’ एवढे बोलून आपण थांबतो आणि मनोमन त्या माणसाचे खाते बंद करतो. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बंधूंच्या आतड्यात कार्सिनॉइड जातीची गाठ निघाली, तेव्हा मीही हेच केले. रोगाचे नाव त्यांच्यापासून लपविले आणि त्यांच्या नावाची देणीघेणी गुपचूप उरकू लागलो. ती माझी चूक होती. इतरांच्या हातून ती घडू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘कार्सिनॉइड’ म्हणजे कर्करोगासारखा. हे नाव ओबर्नडॉर्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०७ साली दिले. आतडे, अपेंडिक्स, जठर, गुदाशय अथवा फुप्फुस येथे ही गाठ उद्भवते. हिला आता न्यूरोएंडोक्राइन गाठ म्हणतात. ती बहुधा संथपणे वाढते; तथापि यकृतापर्यंत पसरू शकते, म्हणून तिला निरुपद्रवी मानणेही योग्य नव्हे. काही गाठी सेरोटोनिनसारखी द्रव्ये रक्तात सोडतात. त्यामुळे चेहरा एकाएकी लाल होतो, जुलाब लागतात, धाप लागते. माझ्या बंधूंना हेच होत होते आणि दोन वर्षे आम्ही संग्रहणी समजून ताकावर भागविले.

रोगी किती जगेल, हे केवळ रोगाच्या नावावरून सांगता येत नाही. तीन प्रश्न विचारावे लागतात : गाठ कोठे आहे, किती पसरली आहे आणि किती वेगाने वाढते आहे? पोत्यातून वानगी काढून आपण धान्य पारखतो, तसा गाठीचा तुकडा तपासून तिसऱ्याचे उत्तर मिळते. अपेंडिक्समधील एक सेंटिमीटरहून लहान गाठ काढली की बहुधा काम संपते. गाठ मूळ जागीच असेल, तर अमेरिकेतील नोंदींप्रमाणे शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरवर पसरल्यास हे प्रमाण उतरते. तरीही संथ गाठीचे अनेक रोगी कित्येक वर्षे जगतात. वेगाने वाढणाऱ्या गाठीची गोष्ट मात्र निराळी आणि कठीण.

अभिनेते इरफान खान यांनी २०१८ साली आपल्याला न्यूरोएंडोक्राइन गाठ असल्याचे जाहीर केले आणि २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हापासून ‘दोनच वर्षे’ असा समज पसरला. परंतु एका सौद्याचा भाव साऱ्या बाजाराचा भाव नसतो. आणि बाजाराची सरासरी म्हणजे आपल्या पोत्याची किंमतही नव्हे.

उपचारही पुष्कळ आहेत. शक्य तेथे शस्त्रक्रिया. ऑक्ट्रिओटाइडची दरमहा सुई. आणि शिरेतून दिले जाणारे ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध. हे द्रव्य आपल्याच तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्टीत तयार होते. परळला १९४१ सालापासून टाटा स्मारक रुग्णालय आहे, तसेच भाभा केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटरही आहे. बऱ्हाणपुराहून तेथे जाण्यास आगगाडीची एक रात्र पुरते.

बंधूंना अखेर कागद सापडले. ते एवढेच म्हणाले, “दादा, माझा हिशेब मला न दाखविता कसा केलात?” मजजवळ उत्तर नव्हते. त्यांची गाठ यकृतात पोचली आहे. ती समूळ गेलेली नाही. परंतु आज ते दुकानात बसतात, ठरल्या दिवशी सुई घेतात आणि आपली वही आपणच लिहितात. ज्याचे आयुष्य, त्याची वही त्याच्याच हाती असावी, एवढेच सांगणे.