मर्यादित संख्येच्या प्रतिकृति-बंदुका : संग्राह्य कीं असंग्राह्य ?

जुन्या लष्करी बंदुकांच्या नव्यानें घडविलेल्या प्रतिकृति, "इतक्याच काढल्या, पुढें काढणार नाहीं" अशा ग्वाहीसह, क्रमांक घालून विकल्या जातात. त्या संग्राह्य आहेत काय, हा प्रश्न केवळ शस्त्रसंग्राहकांचा नव्हे. अस्सल पत्र व त्याची नक्कल यांचा विवेक ज्यांस नित्य करावा लागतो, त्या आमच्या वाचकांसहि तो परका नाहीं.

प्रथम 'मर्यादित' या शब्दाचा विचार करूं. अमेरिकेंतील कोल्ट कारखान्यानें पहिल्या महायुद्धांतील चार लढायांच्या स्मरणार्थ १९११ च्या लष्करी नमुन्याचीं पिस्तुलें १९६७ ते १९६९ या काळांत काढलीं. प्रत्येक लढाईच्या नांवें साधींच ७,४००. चारहि मिळून २९,६००. दुर्मिळता घडविणाऱ्याच्या संकल्पानें येत नाहीं, काळाच्या संहारानें येते. मूळ पिस्तुलें रणांत मोडलीं, हरवलीं, भंगारांत गेलीं. हीं मात्र पेटींत जपण्यासाठींच निघालीं. जें कोणी टाकीत नाहीं, तें दुर्मिळ व्हावें कसें ?

याहून महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक घ्या. तिची नळी ३९ इंच लांब, व्यास ०.५७७ इंच, आंत तीन आटे. हिचींच काडतुसें १८५७ च्या उठावास निमित्त झालीं. उठावानंतर सरकारनें हिंदी शिपायांसाठीं १८५८ चा नमुना काढला. त्यांत तीच नळी ०.६५६ इंचांपर्यंत पोखरून आटे नाहींसे केले, व लांब पल्ल्याची नेमाची शिडी काढून साधी खांच ठेवली. हेतु हा, कीं शिपायाची बंदूक गोऱ्या सैनिकाच्या बंदुकीहून कमी पल्ल्याची असावी. अशी एखादी गंजलेली नळी हातीं आली, म्हणजे राज्यकर्त्यांचा अविश्वास इंचांत मोजतां येतो. प्रतिकृति आकार दाखवील; ही साक्ष ती देऊं शकत नाहीं.

तथापि प्रतिकृति सर्वथा त्याज्य, असें आमचें म्हणणें नाहीं. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल यांनीं १९७० नंतरच्या दशकांत एन्फील्डच्या प्रतिकृति मूळ मापक-साच्यांच्या आधारें घडविल्या. अशी प्रतिकृति म्हणजे काळजीनें उतरलेली नक्कलच होय. मूळ वस्तूस धक्का न लावतां तिचा घोडा व चाप उलगडून पाहतां येतो, भरण्याची रीत समजून घेतां येते. मात्र हा गुण मापांच्या खरेपणाचा आहे; तिच्या अशा किती निघाल्या याच्याशीं त्याचा संबंध नाहीं.

खरा धोका निराळाच आहे. नवे ठसे घांसून, लोखंड गंजवून व जुन्या सालाचे शिक्के मारून अशी प्रतिकृति अस्सल म्हणून पुढें केली, तर खरेदीदाराचे पैसे तर बुडतातच. शिवाय इतिहासाच्या साधनांत बनावट पुरावा शिरतो. बनावट सनदेनें जें नुकसान होतें तेंच येथें होतें. म्हणून आमची सूचना अशी : प्रतिकृति नकलेच्या मोलानेंच घ्यावी, कारखान्याचे ठसे व कागद राखावे, संग्रहाच्या यादींत 'नक्कल' असें स्पष्ट लिहावें. बार उडवूं शकणारी प्रतिकृति कायद्यानें शस्त्रच ठरते. यास्तव भारतांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याचा परवाना आधीं, खरेदी नंतर.

तात्पर्य, प्रतिकृति अभ्यासाकरितां अवश्य घ्यावी. क्रमांकाच्या मोहानें घेऊं नये. द्रव्य मर्यादित असेल, तर शिक्का व डागडुजीची खूण असलेली एक मोडकी अस्सल बंदूक दहा झळकत्या प्रतिकृतींहून आम्ही अधिक मोलाची समजतों.