विश्लेषण : बांधावरचे लाकूड फिशटँकमध्ये चालते का? उकळण्याआधी काय तपासावे?

विटा परिसरात वाळक्या लाकडाला तोटा नाही. पावसाळ्यात येरळेतून वाहून आलेल्या मुळ्या आणि फांद्या पुढे कोरड्या पात्रात उन्हात पडून राहतात. द्राक्ष आणि डाळिंबाच्या जुन्या बागा काढल्या, की पिळदार खोडांचे ढीग बांधावर लागतात. दुकानात मलेशियन ड्रिफ्टवूड, स्पायडर वूड अशा नावांनी लाकूड विकत घ्यावे लागत असताना फिशटँक हौशींची नजर या फुकटच्या लाकडावर जाणे स्वाभाविक आहे. ‘उकळा आणि टाकीत ठेवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र माशांच्या जिवाच्या दृष्टीने उकळण्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे तो म्हणजे लाकूड कोणत्या झाडाचे आणि कुठून आणलेले आहे.

टाकीत लाकूड ठेवतात कशासाठी?

शोभा हे एकच कारण नाही. लाकडामुळे माशांना आडोसा मिळतो आणि दबकून राहणारे मासे मोकळेपणाने वावरू लागतात. लाकडावर सूक्ष्मजीवांचा पातळ थर तयार होतो. छोटे मासे, शोभेची कोळंबी आणि गोगलगायी तो खातात. प्लेकोसारखे चूषक तोंडाचे मासे तर लाकूड खरवडत राहतात. लाकडातून टॅनिन नावाचे पदार्थ पाण्यात उतरतात. त्यामुळे पाण्याला चहासारखा रंग येतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होऊ शकते. बोअरच्या जड पाण्यात आम्लता फारशी बदलत नाही, कारण त्यातील क्षार बदल रोखून धरतात.

उकळल्याने नेमके काय होते?

लाकडाच्या पेशीभित्तिकेची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. तरीही वाळलेले लाकूड तरंगते, कारण त्यातील पोकळ्यांत हवा भरलेली असते. उकळल्यावर ही हवा बाहेर पडते आणि लाकूड थंड होताना पाणी आत शिरते. त्याचबरोबर बरेचसे टॅनिन निघून जाते, किडे आणि अळ्या मरतात, बुरशी व जिवाणूही बऱ्याच प्रमाणात नष्ट होतात.

मात्र उकळण्याला मर्यादा आहेत. तांबे, शिसे यांसारखे धातू उष्णतेने नष्ट होत नाहीत. खोलवर मुरलेले कीटकनाशक, डिझेल किंवा रंग पूर्ण निघाला याची खात्री देता येत नाही. कुजलेले लाकूडही उकळून टणक होत नाही.

द्राक्ष-डाळिंबाचे खोड का टाळावे?

सांगली जिल्ह्यापुरता हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. द्राक्षावरील केवडा आणि डाळिंबावरील तेल्या रोखण्यासाठी बोर्डो मिश्रण वापरले जाते. एक टक्का तीव्रतेच्या मिश्रणात १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना असतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. छाटणीनंतर खोडांना बोर्डो पेस्टही लावली जाते. वर्षानुवर्षे असे उपचार घेतलेल्या खोडाच्या सालीत आणि भेगांत तांबे साचलेले असू शकते.

शेतात बुरशी मारणारे तांबे पाण्यात माशांच्या कल्ल्यांना इजा करते. कोळंबी आणि गोगलगायी तर अगदी कमी प्रमाणातही दगावतात. द्राक्षाच्या काड्यांवर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइड लावले जाते, शिवाय हंगामभर इतर फवारण्या होतात. त्यात द्राक्षाचे लाकूड मऊ असल्याने ते पाण्यात लवकर कुजते. म्हणून खोड कितीही देखणे असले, तरी फवारणीच्या बागेतील लाकूड टाकीत ठेवू नये. अशा लाकडाबाबत शंका असेल, तर ते भिजवलेले पाणी कॉपर टेस्ट किटने तपासता येते. मात्र या किटला तांब्याशिवाय दुसरे काही कळत नाही.

आणखी कोणती झाडे नकोत?

कण्हेर, शेर, निवडुंग, रुई यांसारख्या विषारी किंवा चिकाच्या झाडांना हात लावू नये. कण्हेरीचे लाकूड जाळणे किंवा उकळणेही धोक्याचे आहे. वड, पिंपळ, उंबर यांच्या ताज्या फांद्यांत चीक असतो, तर आंब्याचा डिंकाळ रस त्रासदायक ठरतो. निलगिरीत तेल, तर सुरू आणि पाइनच्या लाकडात राळ किंवा तत्सम घटक असण्याची शक्यता असल्याने तेही टाळलेले बरे. कडुनिंब आणि करंजाच्या बियांतील घटक कीटकनाशक म्हणून वापरले जातात. माळरानावर आढळणाऱ्या हिंगणबेटाची साल आणि फळे मासे मारण्यासाठी पूर्वापार वापरली जात, कारण त्यातील सॅपोनिन माशांना घातक असते. अशा झाडांचे लाकूड ‘बघू टाकून’ म्हणून वापरण्यात अर्थ नाही.

बाभळीचे लाकूड कठीण आणि जड असते, पण तिच्या सालीत इतके टॅनिन असते की कातडी कमावण्यासाठी ती साल वापरली जाते. त्यामुळे साल पूर्ण काढली नाही तर पाणी काळपट होते. फवारणी न झालेल्या परसातील पेरूची किंवा जुन्या चिंचेची पूर्ण वाळलेली, टणक फांदी हा त्या मानाने बरा पर्याय आहे. झाड ओळखता आले नाही, तर लाकूड सोडून द्यावे.

नदीतले किंवा जंगलातले लाकूड उचलता येते का?

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वाहून आलेल्या लाकडासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील कलम ४५ नुसार वाहत आलेले, काठाला लागलेले किंवा बुडालेले लाकूड कोणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारी मालमत्ता मानले जाते. तोडलेले ओंडके नदीतून वाहून नेण्याच्या काळातील ही तरतूद आहे. मात्र अधिनियमातील लाकडाच्या व्याख्येत पडलेली झाडे आणि सर्व प्रकारचे लाकूड येते. राखीव वनातून परवानगीशिवाय वनोपज नेणे हा गुन्हा आहे. सागरेश्वरसारख्या अभयारण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असल्याने तिथून वाळकी फांदीही उचलू नये.

आरोग्याच्या दृष्टीनेही नदीतले लाकूड जपूनच घ्यावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठी सांडपाणी, इंधन आणि शेतातील रसायने एकाच पाण्यात मिसळली होती. अशा पाण्यात मुरलेल्या लाकडाचा इतिहास कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या शेतातील ओळखीच्या झाडाचे लाकूड हाच सुरक्षित मार्ग आहे.

लाकूड तयार कसे करावे?

प्रथम नखाने दाबून पाहावे. नख रुतले तर लाकूड कुजलेले आहे. आत ओलसर हिरवा थर दिसला तर ते अजून ओले आहे, ते काही महिने सावलीत वाळवावे. त्यानंतर साल आणि मऊ भाग सुरीने काढून, भेगांतील माती तारेच्या ब्रशने घासावी. साबण, फिनेल, वॉर्निश यांचा वापर करू नये, कारण लाकूड ते शोषून घेते.

मग स्टीलच्या जुन्या पातेल्यात एक ते दोन तास उकळावे, पाणी बदलावे आणि रंग फिका होईपर्यंत हे पुन्हा करावे. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब किंवा हंडा यासाठी वापरू नये. प्रेशर कुकरही टाळावा, कारण सालीचे तुकडे शिट्टीच्या वाटेत अडकू शकतात. मोठा तुकडा प्लास्टिकच्या पिंपात ठेवून त्यावर गरम पाणी ओतता येते. शेवटी दोन ते चार आठवडे साध्या पाण्यात बुडवून ठेवावे आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावे. या काळात कुजका वास किंवा तेलकट तवंग आला तर ते लाकूड बाद करावे.

तरीही तरंगत असेल तर?

लाकूड स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने दगडी फरशीच्या तुकड्यावर बसवून वर खडी पसरता येते. फरशी निवडताना मात्र लक्ष द्यावे. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. ते हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा वाढवू शकतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला तर त्यात चुना आहे असे समजावे. आपल्याकडचा काळा पाषाण त्या मानाने योग्य. बांधण्यासाठी तांब्याची तार नको, नायलॉनचा दोरा चालतो. लाकूड पाण्यात फुगते, म्हणून ते दोन काचांच्या मध्ये घट्ट अडकवू नये. काच तडकण्याचा धोका असतो.

पाणी तपकिरी झाले किंवा पांढरी बुरशी आली तर?

पहिल्या काही आठवड्यांत पांढरट, बुळबुळीत थर येणे नेहमीचे आहे. तो ब्रशने काढता येतो आणि सहसा आपोआप कमी होतो. तपकिरी रंगही अपायकारक नाही. नियमित पाणी बदलल्याने किंवा फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवल्याने तो फिका होतो.

मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, कोळंबी निपचित पडली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर मात्र वाट पाहू नये. लाकूड लगेच बाहेर काढावे, एअर पंप वाढवावा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने टाकीतील एक तृतीयांश पाणी बदलावे आणि नवा कार्बन टाकावा. ते लाकूड पुन्हा उकळून टाकीत परत ठेवू नये.