रॉक स्लायडर बनवताय? विकायच्या आधी जॅक लावून बघा



व्हिडिओत ग्राइंडरच्या आवाजात बऱ्याच गोष्टी अर्धवट राहिल्या. कोणता पाइप, किती वजन, चेसिसला कसं पकडायचं, भाव कसा काढायचा, हे सगळं इथे सविस्तर लिहितो. फॅब्रिकेशन किंवा कार अ‍ॅक्सेसरीजचं छोटं काम सुरू करायचं डोक्यात असेल, तर हे वाचून मगच पहिली ऑर्डर घ्या. मी तसं केलं नव्हतं.

माझी पहिली जोडी

माझ्या पहिल्या ग्राहकाची थार होती. मी तोवर फूटस्टेप बनवायचो, त्याच २ मिलिमीटर जाडीच्या पाइपात स्लायडर केले. काळा रंग मारला, फोटो मस्त आले. तीन आठवड्यांनी काटोलकडच्या एका नाल्यातून तो परत आला. म्हणाला, "भाऊ, दरवाजाच नाही उघडून राहिला."

दगडावर गाडी टेकली, स्लायडर वर वाकला आणि दरवाजाखालची पट्टी पूर्ण लांबीत आत दाबली. स्लायडर नसता तर एकाच जागी डेंट पडला असता. डेंटिंग-पेंटिंग माझ्या खिशातून झालं, नवीन जोडी फुकट दिली, पुढच्या दोन ऑर्डरचा नफा त्यातच गेला. चूक पूर्ण माझी होती. मी पायरी बनवली आणि स्लायडर म्हणून विकली.

स्लायडरचं काम काय?

फूटस्टेपवर माणूस उभा राहतो, म्हणजे फार तर १०० किलो. स्लायडरवर गाडी टेकते. थार पावणेदोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे एका बाजूला ८००-९०० किलो येऊ शकतात. वरून आदळली तर धक्का वेगळाच.

आता गाडी मधेच का टेकते ते बघा. तीन दरवाजांच्या थारच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर आहे, थार रॉक्सचं २८५०. अंतर जितकं जास्त, तितकं उंचवटा ओलांडताना पोट लवकर घासतं. म्हणून रॉक्सवाल्याला स्लायडरची गरज जास्त, आणि त्याचा स्लायडर लांब असल्यामुळे मजबुतीही जास्त लागते.

थार, गुरखा, जिम्नी या गाड्यांना खाली वेगळी लॅडर चेसिस आहे आणि बॉडी तिच्यावर रबरी माउंटवर बसते. स्लायडर चेसिसलाच पकडायचा, बॉडीच्या पत्र्याला कधीच नाही. क्रेटासारख्या मोनोकॉक गाडीला अशी वेगळी चेसिस नसते. त्या गाडीची ऑर्डर आली तर हात जोडून नाही म्हणा.

माल आणि वजन

मी आता ४० एनबी, सी क्लासचा एमएस पाइप वापरतो. बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर, वजन मीटरला साधारण ४.४ किलो. इतवारीत लोहा ओळीत घ्या किंवा दुसरीकडे, पण व्हर्नियर सोबत न्या आणि जाडी स्वतः मोजा. दुकानदाराचा शब्द आणि पाइपाची जाडी नेहमी जुळतेच असं नाही.

तीन दरवाजांच्या थारच्या एका बाजूचा हिशोब:

- आतला आणि बाहेरचा लांब पाइप, दीड-दीड मीटर: ३ मीटर
- चेसिसकडे जाणारे तीन पाय: साधारण १ मीटर
- मधले आडवे तुकडे: अर्धा मीटर

म्हणजे साडेचार मीटर, २० किलो. त्यात २०० × १०० × ६ मिलिमीटरच्या सहा प्लेट, प्रत्येकी ०.९४ किलो. एक बाजू २५-२६ किलो, जोडी ५० च्या वर. पाइप ६ मीटरचा मिळतो, म्हणून दोन पाइप घ्यावे लागतात. रॉक्सला एका बाजूला चार पाय द्या.

प्लेटचं वजन काढायची सोपी रीत: लांबी मीटरमध्ये × रुंदी मीटरमध्ये × जाडी मिलिमीटरमध्ये × ७.८५.

बनवताना आणि बसवताना

१. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. टायर स्लायडरला लागता कामा नये.

२. बॉडी आणि स्लायडरमध्ये २५ मिलिमीटर फट ठेवा. बॉडी रबरावर हलते. फट नसेल तर खडखड येते आणि पत्रा मार खातो.

३. पाय बाहेरच्या बाजूला थोडे वर चढते ठेवा, साधारण १५ अंश. बाहेरचा पाइप टायरच्या बाहेर जाऊ देऊ नका.

४. पायाच्या तोंडाला पाइपाच्या गोलाईप्रमाणे खाच काढा. फट राहिली की वेल्डर रॉड भरून ती झाकतो. वरून छान दिसतं, आत पकड नसते.

५. गाडीवर फक्त माप घ्या आणि टॅक मारा. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. पूर्ण वेल्डिंग स्लायडर खाली काढून, एकदा इकडे एकदा तिकडे असं करा, नाहीतर पाइप ओढला जातो.

६. चेसिसला वेल्डिंग नाही आणि होलही नाही. बाहेरून एक प्लेट, आतून एक प्लेट, आणि चेसिसच्या वरून-खालून जाणारे ८.८ ग्रेडचे बोल्ट. आतल्या बाजूला ब्रेक, डिझेलच्या नळ्या आणि वायरिंग असतं. ते हाताने चाचपून मगच प्लेट लावा.

७. पाइपाची तोंडं बंद करा, पण खाली पाणी निघायला एक बारीक छिद्र ठेवा. पावडर कोटिंगचा मोह टाळा. स्लायडर घासणारच. रेड ऑक्साइड आणि साधा काळा रंग ग्राहक घरी परत मारू शकतो.

जॅकची परीक्षा

फट मोजून लिहून ठेवा. स्लायडरच्या मधोमध जॅक लावून त्या बाजूची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला. मग पुढच्या आणि मागच्या टोकाजवळ तेच करा. पलीकडच्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडीखाली कोणीही जाऊ नका.

माझा नियम: भार असताना फट १५ मिलिमीटरच्या खाली गेली, किंवा भार काढल्यावर ती पूर्वीइतकी झाली नाही, तर जोडी नापास. सगळे वेल्ड बघा, बोल्ट परत कसा. आठवड्याने ग्राहकाला बोलावून पुन्हा कसा. ही परीक्षा मी ग्राहकासमोर घेतो. त्यानंतर भावाची घासाघीस आपोआप कमी होते.

भाव कसा काढायचा?

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका. दोन पूर्ण पाइप आणि प्लेट मिळून ६४ किलो, दर समजा ७५ रुपये, म्हणजे ४,८००. बोल्ट, रॉड, डिस्क, रंग २,५००. दोन माणसं दोन दिवस, रोज १,००० प्रमाणे ४,०००. झाले ११,३००. यात भाडं, वीज आणि दुरुस्तीला परत आलेलं काम धरलेलंच नाही. १२,००० ला विकलं तर तुम्ही फुकट राबलात. सुरुवातीला एकाच गाडीचं मॉडेल धरा आणि त्याचं जिग बनवा. दोन दिवसांचं काम एका दिवसावर आलं की नफा तिथे दिसतो.

कायदा लपवू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून "आरटीओ अप्रूव्हड" असं बोलून विकू नका. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारायला सांगा, आणि हे बिलावर लिहा. एखादी ऑर्डर जाईल, जाऊ द्या.

पुढच्या व्हिडिओत जिग कसं बनवायचं ते दाखवतो. तोवर तुमच्या गाडीचं माप आणि तुमचा कॉस्टिंगचा कागद तयार ठेवा.