सहल सर्वांची व्हावी

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच कुटुंबे मिळून सहलीला गेलो होतो. सोबत सात वर्षांचा एक मुलगा होता. बागेच्या दारात ध्वनिक्षेपक मोठ्याने सुरू होता, तिकिटाच्या रांगेत धक्काबुक्की होती. आत शिरताच त्या मुलाने दोन्ही कान घट्ट झाकले आणि तो जमिनीवर लोळून किंचाळू लागला. "फार लाडावलंय पोर," असे आमच्यापैकीच कोणीतरी बोलले. आम्ही बाकीचे गप्प राहिलो. ती माउली मुलाला उचलून एस.टी. स्टँडवर जाऊन बसली. मुलगा स्वमग्न आहे, हे आम्हाला पुढे कळले. त्यानंतर ते कुटुंब एकाही सहलीला आले नाही.

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. हे वेड नव्हे, संस्कारांचा दोषही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील ते वेगळेपण आहे. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. गर्दीत आपला मेंदू नको ते आवाज आपोआप बाजूला सारतो. अशा अनेक मुलांना ते जमत नाही. भोंगा, दिव्यांची उघडझाप, तळणाचा वास, अनोळखी स्पर्श हे सारे एकदमच अंगावर येते. हट्टी मूल हवी ती वस्तू मिळाली की शांत होते. हे मूल मात्र आवाज आणि गर्दी यांपासून दूर नेल्यावरच हळूहळू सावरते. उलट काही मुलांना झोका, गरगर फिरणे फार आवडते. म्हणून सर्वांना एकच नियम लावता येत नाही.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये, दिव्यांगांना सांस्कृतिक जीवनात व करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा, यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी सरकारवर व स्थानिक संस्थांवर टाकली आहे. म्हणजे सहल ही मेहेरबानी नव्हे, तो हक्क आहे.

परदेशात याची सुरुवात झाली आहे. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१६ पासून सूर्यफुलाची गळपट्टी मिळते. ती दिसली की वरून न दिसणारी अडचण कर्मचारी ओळखतात आणि सबुरीने वागतात.

आपल्याकडील बागा, संग्रहालये आणि यात्रांनाही बरेच काही अल्प खर्चात करता येईल. आठवड्यातून एक सकाळ ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. एक शांत, सावलीची खोली राखावी. बाहेर गेलेल्याला त्याच तिकिटावर पुन्हा आत घ्यावे. रांगेत उभे राहणे अशक्य असेल, तर नंबर देऊन बाजूला बसू द्यावे. बँकेच्या काउंटरवर आम्ही टोकन देतो तसेच. आत काय काय आहे, त्याची छायाचित्रे दारावर लावावीत. मूल बिथरले तर कर्मचाऱ्यांनी ओरडू नये, ओढू नये, घोळका हटवावा.

जागा निवडणे तर आपल्याच हाती आहे. कणेरी मठाचे सिद्धगिरी संग्रहालय पाहा. मोकळ्या रानात बलुतेदारांचे, शेतकऱ्यांचे पुतळे आहेत. ते हलत नाहीत, बोलत नाहीत. मुलाला हवा तितका वेळ एकापाशी थांबता येते. मात्र सुट्टीची गर्दी टाळून सकाळी लवकर जावे. जाण्यापूर्वी तेथील चित्रे घरी दाखवावीत, दिवसाचा क्रम सांगावा, कानांवर लावायचे आवाजरोधक सोबत घ्यावेत.

आणि सर्वांत स्वस्त सोय म्हणजे आपली जीभ आवरणे. त्या दिवशी आम्ही मुलाला सावलीत नेण्यास मदत केली असती, तर आईला एकटीला परतावे लागले नसते. संस्थेच्या पुढच्या सहलीची आखणी करताना प्रथम त्या माउलीला विचारावे, असे आम्ही सुचवितो. तिला सोयीची होईल ती सहल आपल्या वृद्धांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांनाही सोयीचीच होईल.