घडण हरवलेलं खनिज

भूशास्त्र शिकलेल्या माणसापुढे ‘आमगाव’ म्हटलं तर त्याला गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं स्टेशन आठवत नाही, भाताची खाचरंही आठवत नाहीत. त्याला खडक आठवतो. खरगपूरच्या आयआयटीतले एस. एन. सरकार यांनी 1957-58 मध्ये डोंगरगड परिसरातल्या खडकांचा क्रम लावला, तेव्हा सगळ्यांच्या तळाशी त्यांनी आमगावचे पट्टेदार नाइस ठेवले. त्यांच्यावर बिजली रायोलाइट, त्यांत घुसलेला डोंगरगडचा ग्रॅनाइट आणि सर्वांत वर खैरागडचे थर. यातला ग्रॅनाइटच सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. आमगावचा खडक त्याच्याही आधीचा. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाचं नाव जगभरच्या शोधनिबंधांत छापून येतं, आणि खुद्द महाराष्ट्रात ते फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

या लेखाचा नायक मात्र आमगावचा नाही. त्याचं नाव यिट्रोटँटलाइट: यिट्रियम, टँटॅलम आणि ऑक्सिजन यांचं काळं, जड खनिज. यिट्रियमच्या जागी थोडं युरेनियम, थोडं लोह शिरलेलं असतं. टँटॅलमच्या जागी निओबियम. त्याच्याकडे मला आमगावच्याच खडकांनी नेलं. नाइसचं वय काढायचं तर त्यातले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण निवडून त्यांतल्या युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजतात. पण युरेनियम जास्त असलेला झिरकॉन आतून मोडकळीला येतो, त्यातलं शिसं निसटतं आणि वयाचा हिशेब बिघडतो. हे मोडणं म्हणजे काय, हे शोधता शोधता मी ज्या खनिजांपाशी पोचलो, त्यांची सगळी ओळखच या मोडतोडीत गेलेली आहे.

यिट्रोटँटलाइटचं मूळ गाव यिटरबी, स्टॉकहोमजवळच्या एका बेटावरचं. चिनी मातीच्या भांड्यांसाठी तिथे फेल्डस्पार आणि गारगोटी खणत. 1787 मध्ये कार्ल आक्सेल अर्‍हेनियस नावाच्या लष्करी लेफ्टनंटला त्या खाणीत एक काळा दगड मिळाला आणि तिथून विरल मृत्तिकांचा इतिहास सुरू झाला. यिट्रियम, यिटर्बियम, टर्बियम, एर्बियम ही चारही नावं त्या एका गावावरून पडली. ही कथा शाळेच्या पुस्तकांतही असते, म्हणून ती इथेच सोडतो. मला सांगायचं आहे ते आंडर्स गुस्ताफ एकेबर्ग या माणसाबद्दल.

एकेबर्ग 1767 चा. लहानपणीच्या आजारानं कान अधू झाले आणि बहिरेपण वाढतच राहिलं. 1801 मध्ये प्रयोग करताना काचेचा चंबू फुटला आणि एक डोळा गेला. त्यात क्षयानं पोखरलेलं शरीर. तरीही तो उप्सालाच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत होता, कविता करत होता; पुढे युरोपभर गाजलेला बर्झेलियस त्याच्याच हाताखाली शिकला. डोळा गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1802 मध्ये, त्यानं दोन खनिजांबद्दल निबंध लिहिला. एक फिनलंडच्या किमितोचं आणि दुसरं यिटरबीचं. दोन्हींत त्याला तोच नवा धातू आढळला. पहिल्याला त्यानं टँटलाइट म्हटलं. दुसऱ्यात यिट्रिया, म्हणजे यिट्रियमचं ऑक्साइडही होतं, म्हणून ते यिट्रोटँटल.

त्याच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. खनिज कुटून बारीक करायचं, दाहक अल्कलीबरोबर मुशीत वितळवायचं, थंड झालेला लगदा पाण्यात विरघळवायचा आणि त्यात आम्ल घालायचं. तळाशी पांढरी भुकटी बसते. ती भुकटी गंधकाम्लात विरघळेना, नत्राम्लात नाही, मिठाच्या आम्लातही नाही. अल्कलीबरोबर वितळवली तरच पुन्हा पाण्यात जाई. आम्लात बुडूनही आम्ल न घेणारी माती! ग्रीक पुराणातला टँटॅलस पाण्यात उभा असून तहानलेला. त्याच्यावरून त्यानं धातूचं नाव ठेवलं. एका डोळ्याच्या, बहिऱ्या, आजारी माणसानं आपल्या धातूसाठी नेमका हा पुराणपुरुष निवडावा, हे वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नव्हतो.

त्याला यश नीट भोगता आलं नाही. आदल्याच वर्षी लंडनच्या चार्ल्स हॅचेटनं अमेरिकेतून आलेल्या एका खनिजात कोलंबियम नावाचा नवा धातू जाहीर केला होता. 1809 मध्ये विल्यम हाइड वोलॅस्टन यानं दोन्हींची तुलना केली आणि निकाल दिला की दोघांचा धातू एकच. गंमत अशी की त्याच्यापुढे असलेली विशिष्ट गुरुत्वं हॅचेटच्या खनिजासाठी, म्हणजे कोलंबाइटसाठी, 5.918 आणि टँटलाइटसाठी 7.953 होती. इतका फरक डोळ्यांसमोर असताना त्यानं तो बाजूला सारला, कारण दोन्ही भुकट्या अभिक्रियांत सारख्याच वागत होत्या. वोलॅस्टन थोर रसायनज्ञ होता. पण इथे तराजूनं खरं सांगितलं होतं आणि त्यानं ते ऐकलं नाही, असंच मला वाटतं. एकेबर्ग 1813 मध्ये गेला, तेव्हा त्याचा धातू दुसऱ्याच्या नावावर जमा होता.

पुढचा गोंधळ भरभर सांगतो. 1844 मध्ये बर्लिनच्या हाइनरिख रोजनं टँटॅलमच्या सोबतीला निओबियम (हॅचेटचं कोलंबियम ते हेच) आणि त्यानंतर पेलोपियम असे दोन धातू काढले. पेलोपियम पुढे खोटं ठरलं. मॉस्कोच्या हेर्मानचं इल्मेनियमही तसंच निकालात निघालं. रोजचा भाऊ गुस्ताफ यानं 1839 मध्ये उरल पर्वतातलं एक खनिज युरॅनोटँटल म्हणून वर्णिलं होतं. त्यात टँटॅलम नव्हे तर निओबियम मुख्य आहे असं दिसल्यावर हाइनरिखनं 1847 मध्ये ते रशियन खाणखात्यातले अधिकारी समार्स्की यांच्या नावे केलं. समार्स्काइटवरून समेरियम आलं. अखेर 1866 मध्ये मारिन्याक या रसायनज्ञानं पोटॅशियम फ्लोराइडच्या क्षारांची विद्राव्यता वापरून टँटॅलम आणि निओबियम वेगळे करून दाखवले. टँटॅलमचा क्षार आधी स्फटिक होऊन खाली बसतो, निओबियमचा द्रावणात राहतो. इतकी साधी गोष्ट हाती यायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला.

रसायन सुटलं, पण वर्गीकरणाचं खरं दुखणं तिथून पुढे. यिट्रोटँटलाइटचा तुकडा हातात घ्या. काळा किंवा तपकिरी, फोडला की काळ्या काचेसारखा शिंपल्याच्या आकारात फुटणारा. कठीणपणा 5 ते 5.5, विशिष्ट गुरुत्व साडेपाचच्या पुढे, भुकटी करडी. अशी खनिजं फेल्डस्पारमध्ये रुतलेली असली तर भोवती किरणांसारख्या भेगा दिसतात, कारण ती हळूहळू फुगतात. शेजारची गारगोटी धुरकट पडते. बाहेरचा आकार स्फटिकाचा असतो, पण आत क्ष-किरण सोडले तर अणूंच्या ओळी लागत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

नॉर्वेच्या ब्रॉगरनं 1893 मध्ये अशा पदार्थांना ‘मेटामिक्ट’ म्हटलं. किरणोत्सर्गाचा शोध तेव्हा लागायचा होता. 1914 मध्ये हॅमबर्गनं कारण सुचवलं: आतल्या युरेनियम-थोरियममधून बाहेर पडणारे अल्फा कण. अल्फा कण सुटला की मागचं जड अणुकेंद्र उलट्या दिशेनं धक्का खातं आणि हजारएक अणू जागेवरून हलवतं. कोट्यवधी वर्षं हे चालू राहिलं की रचना उरत नाही. आमगावच्या झिरकॉनमध्ये होतं ते हेच. इथे फक्त पराकोटीला गेलेलं.

खनिजाची ओळख दोन गोष्टींवर ठरते, रासायनिक घटक आणि रचना. यिट्रियम व टँटॅलमचं हेच प्रमाण असलेलं दुसरं खनिज आहे फॉर्मनाइट, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूगलगाँगचं. तिथले सरकारी भूशास्त्रज्ञ फॉर्मन यांचं नाव त्याला 1944 मध्ये मिळालं. ते फर्गुसोनाइट या निओबियमच्या खनिजाचा टँटॅलमप्रधान भाऊ. म्हणजे फॉर्मनाइट आणि यिट्रोटँटलाइट यांच्यातला भेद रचनेचा, आणि रचना तर दोन्हींत बहुधा मोडलेली! मग तुकडा भट्टीत तापवतात. उष्णतेनं अणू पुन्हा ओळीत बसतात, पण कोणत्या ओळीत, हे तापमानावर आणि भट्टीत हवा आहे की नायट्रोजन यावर ठरतं. कमी तापमानाला एक रचना येते, जास्तीला दुसरी. भट्टीतून निघतं ते मूळचं खनिज की आपण आत्ता घडवलेलं, हा प्रश्न समार्स्काइटच्या अभ्यासकांना सतत पडलेला आहे.

त्यावर नियमांचे उपाय झाले. 1966 मध्ये लेविन्सननं सुचवलं की विरल मृत्तिकांपैकी जी सर्वांत जास्त ती नावाला कंसात जोडावी, म्हणून यिट्रोटँटलाइट-(वाय). निओबियमपेक्षा टँटॅलम जास्त असेल तर नाव एक, कमी असेल तर दुसरं. एकाच स्फटिकाच्या गाभ्यात आणि कडेला हे प्रमाण उलटं असू शकतं, मग एका दगडाला दोन नावं. 2023 मध्ये कोलंबाइट महागण ठरवून, यिट्रोटँटलाइट ज्यात मोडतं तो समार्स्काइटचा गट त्याखाली आणला गेला. व्यवस्था म्हणून हे चांगलंच आहे. पण यिट्रोटँटलाइट हे नाव रचनेच्या संशयापोटी कधी काढून टाकायची वेळ आली तर मी त्याच्या विरोधात असेन. टँटॅलम ज्या दोन दगडांतून माणसाला कळला, त्यांतला हा एक आहे.

आपल्याकडची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या जी. एच. टिपर यांनी नेल्लोरच्या अभ्रकखाणींतल्या समार्स्काइटची नोंद केली. आमगाव ज्या प्राचीन भूखंडाच्या उत्तर कडेला आहे, त्याच बस्तर क्रेटॉनच्या दक्षिण भागात पेग्मॅटाइट या भरड स्फटिकांच्या खडकाच्या शिरांत कोलंबाइट-टँटलाइट मिळतं, बेरिल आणि कथिलाच्या खनिजाच्या सोबतीनं. तिथं शोधकाम अणुखनिज संचालनालयानं केलं. गडचिरोलीला लागून असलेला, मराठीशी नातं सांगणाऱ्या हलबीचा हा मुलूख. मोबाइलच्या इवल्याशा कपॅसिटरमध्ये लागणारा धातू तिथल्या मातीत आहे.

आणि इथे वर्गीकरण कायद्याच्या दारात येतं. 2023 च्या दुरुस्तीनं खाण कायद्यातल्या अणुखनिजांच्या यादीतून टँटॅलम आणि निओबियमसह सहा खनिजं बाहेर काढली आणि ‘क्रिटिकल’ खनिजांचा वेगळा भाग केला. टँटॅलमयुक्त खनिजं आता त्या नव्या भागात. विरल मृत्तिकांची खनिजं मात्र दुभंगली: युरेनियम-थोरियम नसलेली नव्या भागात, असलेली अणुखनिजांतच. यिट्रोटँटलाइट टँटॅलमचं खनिज आहे, विरल मृत्तिकेचं आहे, आणि त्यात युरेनियमही आहे. अणुखनिजांसाठी नियमांत किमान प्रमाणाची मर्यादा आहे, म्हणून निर्णय शेवटी पृथक्करणावर येतो. नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे, अणुखनिज संचालनालयाचं प्रादेशिक कार्यालय आहे. एखाद्या पेग्मॅटाइटमधून उद्या असा काळा तुकडा त्यांच्या टेबलावर आला, तर त्याच्या गाभ्याचं आणि कडेचं पृथक्करण वेगवेगळं व्हावं, सरासरीवर भागवू नये, एवढं माझं ठाम म्हणणं आहे. वोलॅस्टनच्या पुढ्यातले ते दोन आकडे दोनशे वर्षांपासून छापलेले आहेत.