रजिस्ट्री साफ केल्यावर कॉम्प्युटर खरंच फास्ट होतो का?

लॅपटॉप सुरू केला, चहा ठेवला, चहा उकळून गाळून झाला, तरी स्क्रीनवर गोल चक्र फिरतंच आहे. मग आपण मोबाइलवर शोधतो, ‘पीसी फास्ट कसा करायचा’. लगेच एखादं सॉफ्टवेअर भेटतं. स्कॅन फुकट असतं. दोन मिनिटांत लाल अक्षरांत निकाल येतो: तुमच्या रजिस्ट्रीत ८४७ एरर सापडल्या! दुरुस्त करायच्या असतील तर पैसे भरा.

थांबा. पैसे भरण्याआधी ही रजिस्ट्री काय भानगड आहे ते समजून घेऊया.

रजिस्ट्री म्हणजे काय?

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. कोणती फाइल कोणत्या प्रोग्राममध्ये उघडायची, प्रिंटर कोणता, वॉलपेपर कोणता, लॅपटॉप सुरू होताना काय काय चालू करायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पूर्वी प्रोग्राम आपापली सेटिंग्ज वेगवेगळ्या ‘आयएनआय’ फाइल्समध्ये ठेवायचे. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री छोट्या रूपात आली आणि विंडोज ९५ पासून बहुतेक कारभार तिच्याकडे गेला.

मग त्यात कचरा साचतो का?

हो, साचतो. एखादा प्रोग्राम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. क्लीनर हेच शोधतो आणि त्याला ‘एरर’ म्हणतो. पण मागे राहिलेली नोंद म्हणजे बिघाड नव्हे.

कचरा काढला तर स्पीड का वाढत नाही?

कारण विंडोज ही वही पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. रजिस्ट्रीची रचना झाडासारखी, फांद्या-उपफांद्यांची आहे. पोस्टमन कसं पत्र पोचवतो? जिल्हा, तालुका, गाव, मग घर. गावातली दोन-चार घरं कुलूपबंद आहेत म्हणून तुमचं पत्र उशिरा येत नाही. तसंच विंडोज हवी ती नोंद थेट पत्त्यावरून उचलते. बाजूच्या निकामी नोंदींकडे ती बघतही नाही.

शिवाय एकेक नोंद असते अगदी लहान. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात. त्यातल्या हजारभर काढल्या तरी वाचणारी जागा सहसा मोबाइलवरच्या एका फोटोएवढीही नसते.

मग हा समज आला कुठून?

त्याला जुना आधार आहे. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या आकाराला मर्यादा होती, त्यामुळे ती फुगणं ही खरी अडचण ठरू शकायची. मायक्रोसॉफ्टनेच नव्वदच्या दशकात ‘रेगक्लीन’ नावाचं टूल दिलं होतं. नंतर ते बंद केलं. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत ती मर्यादाही गेली. आज मायक्रोसॉफ्टची अधिकृत भूमिका स्पष्ट आहे: आम्ही रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला पाठिंबा देत नाही, आणि चुकीच्या बदलांमुळे विंडोज पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ येऊ शकते.

फायदा नाही, पण नुकसान?

इथे माझाच किस्सा सांगते. मास कॉमच्या शेवटच्या वर्षी डॉक्युमेंटरी सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप रडत होता. एक क्लीनर टाकला, ‘फिक्स ऑल’ दाबलं. बॅकअप घ्यायचा का, या प्रश्नाला घाईत ‘नाही’ म्हटलं. एडिटिंग सॉफ्टवेअरचे प्लगइन मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवले होते आणि ती तेव्हा जोडलेली नव्हती. क्लीनरला त्या पत्त्यावर काही सापडलं नाही. त्याने नोंदी उडवल्या. सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्यात अख्खी रात्र गेली. लॅपटॉप होता तेवढाच स्लो राहिला.

मुद्दा हाच आहे. कोणती नोंद खरंच निकामी आणि कोणती आज नुसती झोपलेली, हे क्लीनरला नेहमी कळतंच असं नाही.

भीतीचा धंदा

‘तुमचा पीसी धोक्यात आहे’ असं सांगून पैसे काढणं हा जगभरचा धंदा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रेस्टोरो आणि रीइमेज या पीसी-दुरुस्ती कंपन्यांवर खोट्या इशाऱ्यांनी लोकांना, विशेषतः ज्येष्ठांना, घाबरवल्याचा आरोप केला. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तडजोडीत या कंपन्या २ कोटी ६० लाख डॉलर भरायला तयार झाल्या. मायक्रोसॉफ्टनेही मार्च २०१८ पासून असे घाबरवणारे क्लीनर ‘नको असलेलं सॉफ्टवेअर’ म्हणून पकडायला सुरुवात केली.

मग लॅपटॉप फास्ट करायचा कसा?

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘स्टार्टअप’मध्ये जाऊन गरज नसलेली ॲप्स बंद करा.

२. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा करा. न वापरलेले प्रोग्राम सेटिंग्जमधूनच काढा.

३. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा.

४. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा. सगळ्यात मोठा फरक बहुधा इथेच दिसतो. रॅम ४ जीबी असेल आणि वाढवता येत असेल तर तीही वाढवा.

५. पंख्यात धूळ साचली असेल तर साफ करून घ्या. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

आणि एखाद्या खास बिघाडासाठी रजिस्ट्रीला हात लावावाच लागला, तर आधी बॅकअप आणि रिस्टोर पॉइंट. माझ्यासारखं ‘नाही’ दाबू नका.

घरातल्या लॅपटॉपवर आई-बाबांनी असं एखादं क्लीनर टाकलंय का, आज जरा बघा. टाकलं असेल तर ते काढताना त्यांना न रागावता ही पोस्ट वाचून दाखवा.