कुमारवयीनांची उपचारप्रेरणा : मापनाचे काही प्रश्न

व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी प्रौढ मनुष्य पुष्कळदा स्वतःहून येतो. कुमारवयीन मुलगा बहुधा आणला जातो. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये अठरा वर्षांखालील व्यक्तीस रुग्णालयात दाखल करण्याचा अर्ज तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे सामान्यतः पालक, करतो. अर्थात उपस्थिती हा प्रेरणेचा पुरावा नव्हे. प्रेरणा स्वतंत्रपणे मोजावी लागते.

1983 साली प्रोचास्का व डिक्लेमेंटे यांनी धूम्रपान सोडणाऱ्यांच्या अभ्यासातून परिवर्तनाच्या अवस्थांची कल्पना विशद केली. पुढे मिलर व टोनिगन यांनी 1996 साली 19 विधानांची मापनी प्रसिद्ध केली. समस्येची जाणीव, द्विधा मनःस्थिती आणि प्रत्यक्ष कृती हे तिचे तीन घटक होत. परंतु ही मापनी मद्यपानाच्या उपचारासाठी आलेल्या अमेरिकन प्रौढांवर तपासलेली होती. तेथील स्पॅनिशभाषक कुटुंबांतील कुमारांना ती लावतानाही, तीच विधाने त्यांच्या मनात तोच अर्थ जागृत करतात काय, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

रत्नागिरीस 1886 पासून मनोरुग्णालय आहे. येथील मुलांसाठी अशी मापनी मराठीत आणावयाची झाल्यास तीन अडचणी संभवतात. पहिली शब्दांची. ‘व्यसन’ या शब्दात दोषारोप आहे. ‘मला व्यसन आहे’ या विधानास मिळालेला नकार जाणिवेचा अभाव दर्शवितो की लज्जा, हे गुणांकावरून कळत नाही. उलट तंबाखू वा मिश्री यांस ‘नशा’ न मानणारा मुलगा प्रामाणिकपणेच नकार देईल. म्हणून विधानांत पदार्थाचे नाव स्पष्ट असावे. दुसरी अडचण होकाराची. वडीलधाऱ्यांसमोर ‘हो’ म्हणणे हा शिष्टाचार असल्याने पालकांच्या उपस्थितीत भरलेली प्रश्नावली प्रेरणेपेक्षा आज्ञाधारकपणाच अधिक मोजते. तिसरी अडचण कुटुंबाची. बाप मुंबईस चाकरमानी आणि मुलगा गावी आई-आजोबांपाशी, अशा घरात ‘आईसाठी सोडावयाचे आहे’ हे उत्तर केवळ बाह्य दबावाचे मानणे योग्य नाही. ती मुलाची स्वतःची इच्छाही असू शकते. दबाव आणि जिव्हाळा यांची विधाने वेगळी ठेवणे इष्ट होय.

भाषांतर, उलट भाषांतर व घटक-विश्लेषण यांखेरीज प्रत्येक विधानाचा अर्थ मुलांकडून त्यांच्याच बोलीत वदवून घ्यावा. सप्रमाणतेची खरी कसोटी मात्र पुढील काळातील आहे : अधिक गुण मिळविणारी मुले उपचारात खरोखर टिकतात काय?

यात शास्त्रीय काटेकोरपणापेक्षा अधिक काही गुंतलेले आहे. आज्ञाधारक मुलास ‘प्रेरित’ ठरविल्यास तो लवकर घरी पाठविला जाण्याचा संभव असतो. स्पष्टवक्त्या मुलास ‘असहकारी’ ठरविल्यास त्याच्यावरील प्रयत्नच सोडले जातात. प्रेरणा हा स्थिर स्वभावगुण नसून योग्य संभाषणाने ती वाढू शकते, असा विचार मिलर यांनी 1983 मध्येच मांडला होता. म्हणून अल्प गुणांक हे उपचार नाकारण्याचे कारण नसून, उपचार कोठून आरंभावा याचा तो निर्देश होय.